पेशीकेंद्रकाचा अपवर्तनांक मोजताना या चुका टाळा

डिजिटल होलोग्राफिक सूक्ष्मदर्शकाने काचेवर पसरलेल्या पेशीचे फेज-चित्र (पेशीतून जाताना प्रकाशलहर किती मागे पडली ते दाखवणारे चित्र) घेतले, की केंद्रकाचा भाग बहुधा सर्वांत उजळ दिसतो आणि तेवढ्यावरून केंद्रक भोवतालच्या पेशीद्रव्यापेक्षा घन (दाट) असल्याचे नोंदवले जाते. ही चूक सर्वाधिक आढळते आणि माझ्या मते सर्वांत महागही पडते. चित्रातला प्रत्येक बिंदू पथांतर दाखवतो, म्हणजेच पेशी आणि तिच्याभोवतीचे द्रावण यांच्या अपवर्तनांकांतील (प्रकाश पदार्थात किती मंदावतो त्याच्या मापांतील) फरक गुणिले त्या जागेची जाडी. केंद्रकापाशी पेशी मुळातच उंच असल्यामुळे तिथला उजळपणा निव्वळ जाडीचाही असू शकतो. जाडीचा परिणाम वेगळा काढून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तर अनेक प्रकारच्या पेशींत केंद्रकाचा अपवर्तनांक पेशीद्रव्यापेक्षा कमीच भरला. केंद्रिका, म्हणजे केंद्रकाच्या आतला छोटा गोळा, मात्र घन असते. तिचा आकडा संपूर्ण केंद्रकाच्या नावावर लावू नये.

जाडी मोजतानाही फसगत होते. पेशी पाण्यासारख्या माध्यमात असताना तेलाचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचे, तेलाच्या थेंबातून पाहणारे भिंग) लावून कॉन्फोकल छेद (एकेका खोलीवरची पातळ चित्रे) घेतले, तर प्रत्यक्ष फोकस मंचाच्या सरकण्यापेक्षा कमी सरकतो आणि केंद्रक उभे ताणल्यासारखे दिसते. साध्या हिशेबाने १.३३ भागिले १.५२, म्हणजे सुमारे ०.८८ ने गुणावे लागते; मोठ्या छिद्रांकाच्या (जास्त रुंद कोनातून प्रकाश घेणाऱ्या) भिंगाला दुरुस्ती याहून जास्त लागते. समजा पथांतर १६० नॅनोमीटर आणि छेदांवरून जाडी ८ मायक्रोमीटर आली. अपवर्तनांकांतील फरक ०.०२० निघेल. खरी जाडी ७ मायक्रोमीटर असेल, तर तोच फरक ०.०२३ होतो, आणि औषधाचा परिणाम म्हणून दाखवला जाणारा बदल पुष्कळदा याच मापाचा असतो. म्हणून शक्य तिथे पाण्याचे ऑब्जेक्टिव्ह वापरावे, आणि चिकटलेल्या पेशीत केंद्रकाच्या वर व खाली असलेल्या पेशीद्रव्याचे पथांतर वजा करायला विसरू नये.

द्रावणाचा अपवर्तनांक पुस्तकातून उचलू नका. त्याच दिवशी, त्याच बाटलीतले द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर (अपवर्तनांक मोजणाऱ्या उपकरणावर) मोजा आणि तापमान नोंदवा. पाण्याचा अपवर्तनांक २० अंशांना १.३३३० असतो, तर ३७ अंशांना तो सुमारे १.३३१० पर्यंत उतरतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण शुष्क पदार्थाचे (पाणी सोडून उरलेल्या वस्तुमानाचे) प्रमाण काढताना आपण पेशीच्या अपवर्तनांकातून पाण्याचा वजा करतो आणि दर मिलिलिटर एक ग्रॅम प्रथिनामागे अपवर्तनांकात सुमारे ०.१९ वाढ धरतो. त्यामुळे द्रावणाचा आकडा २० अंशांचा आणि पाण्याचा ३७ अंशांचा घेतला, तर नुसत्या या विसंगतीने दर मिलिलिटरमागे १० मिलिग्रॅमची चूक होते.

आकडे एका दिवशी जुळतात आणि दुसऱ्या दिवशी सरकतात अशी तक्रार असेल, तर आधी पेशी नसलेल्या जागेकडे पाहावे. तिथे फेज शून्य नसेल, तर रिकाम्या जागेवरच्या आकड्यांना प्रतल (सपाट पृष्ठ) बसवून ते संपूर्ण चित्रातून वजा करावे. एखादे केंद्रक अर्ध्यातच अचानक काळे पडले असेल, तर फेज उलगडताना, म्हणजे दर २π नंतर पुन्हा शून्यापासून मोजली जाणारी फेज सलग करताना, २π ची उडी चुकली आहे. अशी चित्रे सरासरीत घेऊ नयेत.

केंद्रके पेशीतून वेगळी काढून मोजणाऱ्यांनी बफरकडे (केंद्रके ज्यात ठेवली त्या द्रावणाकडे) विशेष लक्ष द्यावे. मॅग्नेशियमची पातळी वाढली की क्रोमॅटिन (केंद्रकातील डीएनए आणि प्रथिनांचा गुंता) आकसते, ती काढून घेतली की केंद्रक फुगते, आणि विलग करताना केंद्रकाच्या आवरणातील छिद्रांवाटे विरघळणारी प्रथिने बाहेर जातात. अशा केंद्रकावरचा आकडा जिवंत पेशीतल्या केंद्रकाचा म्हणून छापणे मला अयोग्य वाटते. बफरमध्ये काय किती आहे हे संपूर्ण सोबत दिल्याशिवाय तो दुसऱ्या प्रयोगशाळेला पडताळताही येत नाही.

अपवर्तनांकाबरोबर केंद्रकाचा ताठरपणाही मोजण्यासाठी अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपने (बारीक टोकाने दाबून पाहणाऱ्या उपकरणाने) दाब देत असाल, तर दाबाची खोली नमुन्याच्या जाडीच्या दहाव्या भागापलीकडे नेऊ नये, अन्यथा खालच्या काचेचा कडकपणा आकड्यात मिसळतो. पेशीच्या आतल्या केंद्रकावर दाब देताना वरच्या अ‍ॅक्टिनच्या (पेशीला आधार देणाऱ्या प्रथिनतंतूंच्या) थराचा विरोधही त्यात मोजला जातो.