चित्रं मुंबईला नेताना, आणि परत आणताना

मुंबईतल्या गॅलऱ्यांचा मोसम आणि आपल्या विदर्भातल्या कापूस वेचणीचा मोसम एकच. दिवाळीनंतर तिकडं प्रदर्शनं जोरात सुरू होतात, जानेवारीत गॅलरी वीकेंड, मग काळा घोडा महोत्सव; आणि इकडं त्याच दिवसांत पऱ्हाटी फुटलेली, मजूर मिळत नाही, घरचे म्हणतात आधी कापूस घरात येऊ दे. म्हणून तयारी पोळ्यालाच सुरू करायची. तेलरंगात काम असेल तर त्याच्याही आधी, कारण बोटाला कोरडा लागणारा तेलरंग आतून कित्येक महिने ओलाच असतो. दसऱ्याला संपवलेलं जाड रंगाचं चित्र डिसेंबरात गुंडाळायचं नाही. ते घरीच राहू द्यावं, दुसरं न्यावं.

सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारून घ्यायची: जागा भाड्याची आहे की कमिशनची? जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ सालची, तिथं भाडं आपण भरायचं आणि तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबायचं. खासगी गॅलरी भाडं घेत नाही, पण विक्रीतला निम्मा वाटा बहुतेक ठिकाणी तिचा असतो. दोन्हींचा हिशोब वेगळा, म्हणून चित्रांची किंमत ठरवण्याआधी हे माहीत हवं.

मापाचं सांगतो, कारण ते मी पैसे घालवून शिकलो. रेल्वेत सोबत नेता येणाऱ्या पेटीची मर्यादा १०० सेंटिमीटर लांब. म्हणून माझं चित्र आता ३० इंच रुंद असतं, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच कोरा कॅनव्हास ताणण्यासाठी, म्हणजे ३६ इंच. पाइप ३९ इंचांचा. लांबी हवी तेवढी ठेवा, ती गुंडाळीत जाते. कृषी केंद्रातून चार इंची पीव्हीसी पाइप घ्यायचा आणि चित्रं त्याच्या आत कोंबायची नाहीत, त्याच्यावर गुंडाळायची. रंगाची बाजू बाहेर, मधे बटर पेपर. रंग आत ठेवून गुंडाळलं तर थर दबून सुरकुततो. वरून सहा इंची पाइपाचं खोळ, दोन्ही टोकांना झाकण. चार चित्रं आरामात बसतात. दुकानदार हमखास विचारतो, "तीन फुटाच्या पाइपात पाणी कुठवर जाईन गा?" मुंबईपर्यंत, असं सांगितलं की तो पैसे कमी करत नाही, पण कापून मात्र नीट देतो.

बबल रॅप ॲक्रिलिकला थेट लावायचा नाही. पहिल्या वेळी मी मे महिन्यात तसंच बांधलं होतं. ४५ अंशात ॲक्रिलिक मऊ पडतं. उघडलं तेव्हा आभाळाच्या निळ्यावर गोल गोल ठसे, ओळीनं. एका बाईंना ते फार आवडले, त्यांनी तंत्र विचारलं.

कॅनव्हास ताणायच्या लाकडी पट्ट्या इकडून वाहून नेण्यात अर्थ नाही, त्या तिकडं करून मिळतात. फक्त माप आधी फोनवर कळवून ठेवायचं आणि एक दिवस आधी पोचायचं. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी नागपूर सोडते, वर्धा, बडनेरा, अकोला करत सकाळी सीएसएमटीला लावते. खालचा बर्थ मिळाला तर पाइप सीटखाली आडवा जातो. गावातून स्टेशनापर्यंतचं काय ते आधी ठरवा; काळी-पिवळीच्या टपावर पाइप बांधू देऊ नका, मांडीवर धरा.

आता कागद. प्रत्येक चित्राच्या मागे, कॅनव्हासच्या कोऱ्या कडेवर, नाव, माध्यम, माप, साल आणि आपला फोन नंबर पेन्सिलीनं. रंगाच्या मागच्या भागावर दाबून लिहायचं नाही, पुढं उमटतं. फोटो सकाळी दहाच्या सुमारास ओसरीच्या सावलीत, चित्र सरळ उभं, कॅमेरा बरोबर मध्यावर. किंमत आम्ही चौरस इंचावर काढतो: ३० गुणिले ४८ म्हणजे १४४०, दर १५ रुपये धरला तर २१,६००. निम्मे गॅलरीला गेले की हातात १०,८००, त्यातून कॅनव्हास, रंग, पट्ट्या, तिकीट वजा. हे घरी वहीत मांडून मगच दर ठरवा. नागपुरात एक आणि मुंबईत दुसरा दर ठेवू नका. घेणारे एकमेकांशी बोलतात.

चित्रं हातातून सोडताना पोच घ्यायची. किती, कोणती, कोणत्या किमतीला, कधी परत, वाटेत खराब झालं तर भरपाई कोणाकडं. माझी तीन चित्रं एका ठिकाणी तोंडी बोलण्यावर आठ महिने पडून होती आणि आली ती दोनच. चित्र विकलं तरी त्याचं कॅलेंडर किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ करायचा हक्क आपोआप जात नाही, १९५७ च्या कायद्यानं तो आपलाच राहतो. कोणी पैसे देऊन मागणीवरून काढून घेतलेल्या चित्राचं मात्र वेगळं असतं, तिथं आधीच लिहून घ्यावं.

आपल्या चित्रांबद्दलचं निवेदन मराठीत लिहा, मग कोणाकडून इंग्रजी करून घ्या. इथं थोडं थांबून विचार करायला हवा. विदर्भ म्हटलं की तिकडं पहिला प्रश्न शेतकरी आत्महत्येचा येतो, आणि निवेदनात तो शब्द घातला की लोक चित्रापुढं जास्त वेळ उभे राहतात, हेही खरं. तुमच्या चित्रात ते असेल तर लिहा. पण तुम्ही फाट्यावरच्या पंक्चरवाल्याची भिंत काढली असेल, तिच्यावरचे ट्यूबचे काळे गोल आणि अर्धी पुसलेली बियाण्याची जाहिरात, तर तेच लिहा. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. त्यांच्या चित्रांत संत्री कोणी शोधत नाही. उत्तर दोन वाक्यांत तयार ठेवा, प्रवासात मोठ्यानं म्हणून पाहा.

उद्घाटनाच्या कपड्यांवर मी काही सांगणार नाही. चप्पल झिजलेली नको. दिवसभर दगडी फरशीवर उभं राहायचं असतं.

आणि परतीचं. चित्रं बहुतेक परत येतात, हे कोणी सांगत नाही, म्हणून पाइप, झाकणं, बटर पेपर काहीच टाकायचं नाही. जहांगीरचा आठवडा मंगळवार ते सोमवार, सोमवारी संध्याकाळी सात वाजता भिंत रिकामी करावी लागते. त्या रात्रीचं तिकीट काढू नका, मंगळवारचं काढा. पिना उपटायला पक्कड सोबत ठेवा, तिथं मागावी लागते आणि सगळे एकाच वेळी मागतात.

घरी गुंडाळी कापसाच्या खोलीत नको, उंदीर असतात. उभी करून कोपऱ्यात ठेवली की खालची कड दबते. चार इंची पाइपातून दोरी ओवून ती आड्याला आडवी टांगायची, वरून सुती धोतर. आमची आई त्याच दोरीला लसणाच्या जुड्या अडकवते. तेवढं चालतं.