स्पेशल इंग्लिश घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय घेऊ का, असे विचारायला येणारे विद्यार्थी आणि पालक बहुधा ‘इंग्रजी घेतले की फाडफाड बोलता येईल’ अशी अपेक्षा बाळगून येतात. त्या अपेक्षेचा निकाल आधीच लावलेला बरा. ज्याला आपण स्पेशल इंग्लिश म्हणतो त्यात नाटक, कविता, कादंबरी, समीक्षा आणि भाषाविज्ञान यांचा अभ्यास असतो. संभाषणाचा सराव त्यात ओघाने होईल तेवढाच. मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून या विषयाकडे वळलो, पुण्यात एम.ए. केले आणि आधी कनिष्ठ, मग वरिष्ठ महाविद्यालयात शिकवले. त्यामुळे पुढचे विवेचन मुख्यतः महाराष्ट्रापुरते आहे.

पहिल्या वर्षी सर्वांत मोठा मोह गाइडचा असतो. गाइड वाचूच नये असे मी म्हणणार नाही, कारण शेक्सपिअरची भाषा एकट्याने उलगडणे कुणालाही जड जाते. परंतु क्रम मात्र उलटा नको. ‘मॅकबेथ’च्या दुसऱ्या अंकात दारूच्या अमलाखालील द्वारपालाचा जो प्रवेश आहे, त्याबद्दल बहुतेक गाइडांमध्ये ‘ताण हलका करणारा विनोद’ असे एक वाक्य असते आणि शेकडो उत्तरपत्रिकांत ते तसेच्या तसे उतरते. मूळ प्रवेश वाचणाऱ्याच्या मात्र लक्षात येते, की दारावरची थाप आदल्या प्रवेशात, राजाचा खून होताच सुरू झालेली आहे, आणि स्वतःला नरकाच्या दाराचा राखणदार समजणारा हा माणूस अजाणता त्या घराबद्दल खरे तेच बोलतो आहे. एवढे एक निरीक्षण मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले तरी परीक्षकाला ते वेगळे जाणवते. उत्तरपत्रिका तपासण्याचे काम मी केले असल्यामुळे हे खात्रीने सांगतो.

इंग्रजी साहित्य घेतले म्हणजे मराठी वाचन बाजूला ठेवावे लागते, हा समज तर निखालस चुकीचा आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि मर्ढेकर व नेमाडे यांनीही इंग्रजीचे अध्यापन केलेले आहे. ‘ऑथेल्लो’ अभ्यासाला असेल तर देवलांनी केलेले त्याचे मराठी रूपांतर ‘झुंजारराव’ शेजारी ठेवावे, ‘हॅम्लेट’ असेल तर आगरकरांचा १८८३चा अनुवाद ‘विकारविलसित’ चाळावा. मूळ नाटकातील काय मराठी रंगभूमीला पेलले आणि काय बदलावे लागले, याचा विचार करता करता मूळ संहिताही पक्की होते.

मराठी माध्यमातील विद्यार्थी ज्या प्रश्नपत्रिकेला सर्वाधिक घाबरतात ती ध्वनिविज्ञानाची, आणि गंमत म्हणजे तिथेच त्यांची तयारी आधीपासून झालेली असते. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य आणि प-वर्ग ओष्ठ्य ही आपल्या वर्णमालेची मांडणी उच्चारस्थानांनुसारच केलेली आहे. अल्पप्राण-महाप्राण, घोष-अघोष हे भेदही तिच्यात आहेत. इंग्रजी व्यंजनांचा तक्ता त्याच तत्त्वावर उभा असल्याने तो पाठ करण्याऐवजी आपल्या तक्त्याशी ताडून पाहावा. इंग्रजीत ट आणि ड उच्चारताना जीभ वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लागते, मराठीत ती त्याहून मागे जाते. ‘व’च्या बाबतीत अडचण अधिक, कारण पश्चिम दिशा आणि बंडी या अर्थांचे दोन इंग्रजी शब्द आपण देवनागरीत ‘वेस्ट’ असेच लिहितो. इंग्रजीत त्यांपैकी पहिल्याला ओठांचा चंबू होतो आणि दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर उभे राहून दोन्ही उच्चार केल्यास हा फरक कायमचा लक्षात राहतो.

खरी कसोटी लागते ती छंदाच्या अभ्यासात. मनाचे श्लोक म्हणत वाढलेल्या मुलाला भुजंगप्रयात कानाने कळतो : चार यगण, बारा अक्षरे, आणि प्रत्येक जागेचे लघु-गुरू ठरलेले. तोच कान तो इंग्रजी ओळीला लावतो आणि फसतो, कारण इंग्रजी वृत्तात अक्षर लांब की आखूड यापेक्षा त्यावर आघात आहे की नाही याला महत्त्व असते. आयँबिक पेंटामीटरमध्ये आघात नसलेले आणि आघात असलेले अक्षर अशा पाच जोड्या अपेक्षित असतात, आणि चांगला कवी ही अपेक्षा मधूनमधून मुद्दाम मोडतो. शब्दावरचा आघात हा प्रकार मराठीत जवळजवळ जाणवत नसल्याने तो शब्दकोशातूनच शिकावा लागतो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असताना आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर, हे ऐकून ऐकूनच अंगवळणी पडते. कविता मोठ्याने वाचावी. वसतिगृहात सोबती हसतील, हसू द्यावेत.

साहित्याच्या इतिहासासाठी १०६६ (नॉर्मनांचा विजय), १६६० (इंग्लंडात राजेशाहीचे पुनरागमन), १७९८ (‘लिरिकल बॅलड्स’), १८३७ (व्हिक्टोरिया राणीचे राज्यारोहण) आणि १९२२ (‘द वेस्ट लँड’) अशा पाच-सहा सालांभोवती स्वतःच्या हाताने एक कालपट तयार करावा आणि त्यात दर आठवड्याला भर घालावी. नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांमध्ये कालक्रमाचे प्रश्न हमखास असतात. एम.ए.ला साहित्यसिद्धांत येतात. तिथे विचारवंतांची नावे जपण्यापेक्षा एकच कविता दोन दृष्टींनी वाचून पाहणे अधिक फलदायी ठरते. इग्नूच्या एम.ए. इंग्रजीचे अभ्यास साहित्य ई-ज्ञानकोश या तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते आणि महागड्या क्लासच्या नोट्सपेक्षा ते पुष्कळ बरे आहे.

आता नोकरीचे. अध्यापनाकडे जाणारे दोन जिने वेगळे आहेत आणि कोणता चढायचा हे तृतीय वर्षातच ठरवावे. शाळेसाठी पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. लागते आणि त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. सहावी ते आठवीला शिकवायचे तर टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटी (तशीच केंद्राची परीक्षा) हवी, आणि राज्यातील शिक्षकभरती टेट (TAIT), म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, या वेगळ्या परीक्षेच्या गुणांवर ‘पवित्र’ या शासकीय पोर्टलमार्फत होते. बी.एड.ला इंग्रजीबरोबर आणखी एका विषयाची अध्यापन पद्धती बहुधा निवडावी लागते, म्हणून बी.ए.चा जोडविषय शाळेत शिकवला जाणारा असावा; इतिहास, भूगोल किंवा मराठी असेल तर पुढे अडत नाही. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि बी.एड. दोन्ही लागतात, हे पुष्कळांना एम.ए. झाल्यावर कळते आणि मग दोन वर्षे पुन्हा द्यावी लागतात.

वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी बी.एड. लागत नाही. एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के आणि राखीव प्रवर्गांत ५० टक्के गुण, शिवाय नेट किंवा सेट. नेटमध्ये १५० प्रश्न, ३०० गुण आणि तीन तास असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडणे परवडत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. तिच्यातून पात्रता मिळते, संशोधनाची शिष्यवृत्ती मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती हवी असेल तर ती नेटमधूनच मिळवावी लागते.

पात्रता मिळाली म्हणजे जागा मिळाली असे नाही, आणि हे कुणी स्पष्ट सांगत नाही. अनुदानित पदे थोडी, भरती रेंगाळणारी, आणि तोवर अनेक पात्रताधारक तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवत राहतात. मानधन घेतलेल्या तासांचे असते आणि नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती. घरची जबाबदारी लवकर येणार असेल तर केवळ नेट-सेटवर विसंबण्याऐवजी बी.एड. हाताशी असू द्यावे, असेच मी आज माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. सीएचबीवर असताना नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल आणि अनुभवाचा दाखला त्या-त्या वर्षीच घ्यावा. प्राचार्य बदलल्यावर जुने कागद मिळवणे फार कष्टाचे होते.

मुलाखतीत बहुधा छोटा पाठ घ्यायला सांगतात. उमेदवार हटकून एखाद्या सिद्धांतावर बोलू लागतात आणि दहा मिनिटांत प्रस्तावनाही संपत नाही. त्यापेक्षा चौदा ओळींचे एक सुनीत निवडावे, ते नीट वाचून दाखवावे, नववी ओळ येताच विचार कसा वळतो तेवढेच फळ्यावर मांडावे आणि समोर बसलेल्या तज्ज्ञांना विद्यार्थी समजून एक प्रश्न विचारावा.