कचरा डेपोची जमीन मोकळी करायला निधी मिळालाय? या चुका टाळा

स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झालं आणि जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगला (ढीग उकरून, चाळून, वेगळा करून जमीन मोकळी करण्याला) छोट्या नगरपालिकांनाही पैसे मिळू लागले. तेव्हापासून अनेक डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, माझ्या टेबलावरून गेलेत. गावं वेगळी, चुका त्याच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ढीग फक्त जमिनीच्या वर मोजणं. ड्रोन उडतो, रंगीत नकाशा येतो, घनमीटरचा आकडा मिळतो आणि सगळे खूश होतात. पण ड्रोनला ढिगाचा माथा दिसतो, तळ दिसत नाही. आपल्याकडचे कितीतरी डेपो दगडाच्या बंद खाणीत किंवा ओढ्याकाठच्या खड्ड्यात सुरू झालेत. आधी खड्डा भरला, मग वर ढीग चढला.

एका नगरपालिकेत हेच झालं. काम जोरात चाललं, ढीग रस्त्याच्या पातळीला आला, फोटो काढले गेले आणि तिथे बाग करायचा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूरही झाला. सपाटीकरणासाठी पोकलेन लावलं, तर बकेटमधून पुन्हा प्लास्टिक आणि काळं पाणी वर यायला लागलं. मी पोचलो तेव्हा आरोग्य विभागाचा एक निवृत्त मुकादम कडेला उभा होता. म्हणाला, "साहेब, इथं खाण होती. पोरं असताना आम्ही पोहायला यायचो." डीपीआर करणाऱ्यांपैकी कुणीही त्याला विचारलं नव्हतं. मंजूर टन संपले होते, म्हणजे मंजूर पैसाही संपला होता. ठेकेदाराने ट्रॉमेल, म्हणजे कचरा चाळायची फिरती चाळणी, दुसऱ्या गावी हलवला. सुधारित प्रस्ताव फिरत राहिला, पावसाळा आला, उघडा खड्डा भरला आणि शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीला वास यायला लागला. त्याची यात काय चूक होती?

म्हणून मी आधी जेसीबी मागवतो, ड्रोन नंतर. डेपोच्या कडेला आणि मध्यावर मूळ मुरूम लागेपर्यंत खड्डे घ्यायचे. जेसीबीचा हात पुरला नाही तर बोअर. एक हेक्टरवर तळ एका मीटरने चुकला तरी 10,000 घनमीटरचा फरक पडतो. घनमीटरचे टन करायला लागणारी घनताही दुसऱ्या गावाच्या अहवालातून उचलू नका. मापाचा टिपर भरा, काट्यावर न्या, वेगवेगळ्या जागचा माल घ्या, आणि हे सगळं उन्हाळ्यात करा. पावसाळ्यातल्या ओल्या वजनावर बिल निघालं की पालिका पाण्याचे पैसे भरते.

केंद्राचा हिस्सा म्हणजे पूर्ण खर्च, असं धरू नका. हिशेब टनाला 550 रुपयांवर होतो आणि केंद्राकडून लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहराला 50 टक्के, एक ते दहा लाखांपर्यंत 33, त्यापुढे 25 टक्के मिळतात. उरलेलं कुठून येणार ते निविदेआधी लिहून ठेवा.

ताजा कचरा त्याच जागेवर पडत असेल तर काम सुरूच करू नका.

माझं दुसरं दुखणं: चाळला म्हणजे संपला, हा समज. चाळणीतून निघालेल्या मालाचं काय, हे करारात नसेल तर तो माल तिथेच पडून राहतो. 2016 च्या घनकचरा नियमांप्रमाणे आरडीएफ (कचऱ्यातल्या प्लास्टिक-कापडासारख्या जळाऊ मालाचं इंधन) प्रकल्पापासून 100 किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी किमान 5 टक्के इंधन आरडीएफचं वापरायला हवं होतं, पण ओला, मातीने भरलेला आरडीएफ सिमेंटवाले परत पाठवतात. चंद्रपूरच्या सिमेंट कारखान्यांपर्यंतचं ट्रकभाडं धरलेलं नसतं. मग पडून राहिलेल्या त्या मालाला एका रात्री आग लागते. सिमेंट कारखान्याचं लेखी पत्र हातात आल्याशिवाय मी कार्यादेशाला होकार देत नाही. चाळून निघालेली बारीक माती 'खत' म्हणून शेतकऱ्यांना वाटणं तर थेट अन्याय आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम तपासा. अहवाल चांगला आला तरी मी ती रस्त्याच्या भरावालाच देतो, शेतात नाही.

दूषित स्थळांचे 2025 चे नवे नियम आलेत म्हणून काही जण थांबून राहतात. ते रासायनिक प्रदूषणाच्या जागांसाठी आहेत, शहरी कचऱ्याचे डेपो त्यातून वगळलेत. मात्र ढिगात कारखान्याचे पिंप किंवा रंगीत गाळ सापडला, तर काम थांबवून आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

आणि जमीन मोकळी दिसली की लगेच बांधकामाची घाई. मुंबईत मालाडच्या चिंचोली बंदर डेपोच्या जागेवर कार्यालयं उभी राहिली आणि मग तिथल्या संगणकांचे सुटे भाग वायूमुळे गंजत असल्याच्या तक्रारी आल्या. आता 1927 पासून कचरा घेणाऱ्या देवनारच्या जमिनीचा मोठा भाग धारावी पुनर्विकासाला द्यायचं ठरलंय, म्हणजे तिथे माणसं राहायला जाणार. ढीग हलल्यावर तळाची माती तपासा. मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा मोजा. आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर एकाच प्रयोगशाळेत द्या, आणि या तपासण्यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा, कारण नंतर त्यासाठी कुणी पैसे देत नाही.