कनेक्शन क्लोज केलं म्हणजे डेटा सेव्ह झाला का? पहिल्या नोकरीतला अनुभव

नवीन जॉबला लागलेल्या किंवा फायनल इयरचं प्रोजेक्ट करत असलेल्या मुलामुलींसाठी लिहितेय. कॉलेजात ट्रान्झॅक्शन (पूर्ण होईल नाहीतर अजिबात नाही असा कामांचा गट) शिकवतात, त्याचे चार गुण म्हणजे अ‍ॅसिड प्रॉपर्टीज पाठ करून घेतात, अ च्या खात्यातून पाचशे काढून ब च्या खात्यात टाकायचं ते उदाहरण पण सगळ्यांना तोंडपाठ असतं, पण प्रोग्रामने कमिटही (काम पक्कं) केलं नाही, रोलबॅकही (काम रद्द) केला नाही आणि सरळ कनेक्शन बंद केलं तर त्या मधल्या कामाचं काय होतं, हे मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. मला ते कळलं नोकरीच्या पहिल्या वर्षात, आणि ज्या पद्धतीने कळलं त्यात शेतकऱ्यांच्या दुधाच्या नोंदी गेल्या होत्या, त्यामुळे ते आयुष्यभर लक्षात राहणार.

आमची टीम दूध संकलनाचं सॉफ्टवेअर सांभाळायची. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), सभासद क्रमांक असं सगळं एका फाइलमध्ये जमतं, त्या फाइली रात्री सर्व्हरवर येतात आणि आमचा एक जावाचा जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, त्या वाचून टेबलमध्ये भरतो. दर दहा दिवसांनी त्याच टेबलवरून बिल निघतं. हा जॉब माझ्याही आधीच्या लोकांनी लिहिलेला, बरीच वर्षं ओरॅकलवर चाललेला. मग खर्चामुळे ठरलं की डेटाबेस पोस्टग्रेसवर न्यायचा, आणि जॉब नवीन डेटाबेसला जोडून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी ड्रायव्हर (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) बदलला, कनेक्शनची स्ट्रिंग बदलली, दोन-तीन क्वेऱ्या ओरॅकलच्या ढंगात होत्या त्या सरळ केल्या, चालवून बघितलं, लॉगमध्ये आलं की अमुक केंद्राच्या ४१२ नोंदी भरल्या, एरर एकही नाही. मी खूश.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका केंद्रावरून फोन आला की कालचं दूध रिपोर्टमध्ये दिसत नाहीये. बघितलं तर एका केंद्राचं नाही, कुठल्याच केंद्राचं नाही, टेबलमध्ये आदल्या रात्रीची एकही ओळ नव्हती. आणि लॉग म्हणतोय ४१२ भरल्या, ३८० भरल्या, सगळं व्यवस्थित. मला आधी वाटलं मी चुकीच्या डेटाबेसला बघतेय, मग वाटलं कुणीतरी डिलीट केलं, मग वाटलं स्कीमा वेगळा आहे की काय, यातच तीन तास गेले.

धागा सापडला तो आयडीच्या कॉलममध्ये. ऑफिसातून कुणीतरी सकाळी हाताने एक नोंद टाकली होती आणि तिचा आयडी आधीच्या शेवटच्या आयडीपेक्षा एकदम हजारोंनी पुढे होता. आमच्या सिनियर सरांनी ते बघताक्षणी सांगितलं की इन्सर्ट झालेत, आणि मग रोलबॅक झालेत. पोस्टग्रेसमध्ये आयडी सीक्वेन्समधून, म्हणजे पुढचा नंबर देणाऱ्या काउंटरमधून, येतो, आणि सीक्वेन्सचा नंबर एकदा घेतला की ट्रान्झॅक्शन मागे फिरलं तरी तो परत येत नाही, तिथे भोक राहतं. मायएसक्यूएलच्या ऑटो इन्क्रिमेंटमध्ये पण असंच होतं. हे लक्षात ठेवा, टेबल रिकामं आणि आयडीत मोठी उडी दिसली तर पहिला संशय हाच घ्यायचा.

मग कोड उघडला. सुरुवातीला कधीतरी कुणीतरी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर आपोआप कमिट) बंद केलेलं होतं, बहुतेक स्पीडसाठी, कारण प्रत्येक इन्सर्टला वेगळं कमिट झालं की जॉब फारच हळू चालतो. ते बरोबरच होतं. पण पूर्ण कोडमध्ये कमिट हा शब्दच नव्हता. कुठेच नाही. शेवटी फायनली ब्लॉकमध्ये कनेक्शन क्लोज, बस. मग हे इतकी वर्षं चाललं कसं? तर ओरॅकलच्या जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत) ड्रायव्हरचं वागणं असं आहे की ऑटोकमिट बंद असेल आणि तुम्ही कमिट-रोलबॅक न करता कनेक्शन नीट क्लोज केलं तर तो स्वतःहून कमिट करतो. हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे. त्यांच्या एसक्यूएल प्लस या कमांड लाइन टूलमधून एक्झिट केलं तरी डीफॉल्टला कमिटच होतं. पोस्टग्रेसमध्ये याच्या बरोब्बर उलटं, कनेक्शन संपलं की उघडं ट्रान्झॅक्शन रोलबॅक. तेही अगदी शांतपणे, कारण प्रोग्रामने रीतसर निरोप घेतलेला असतो, सर्व्हरच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं, मग तो लॉगमध्ये तक्रार तरी कशाची लिहिणार.

आणि ४१२ आकडा कुठून आला? तो खरा होता. ट्रान्झॅक्शन चालू असताना स्वतःच्या कनेक्शनला स्वतः टाकलेल्या ओळी दिसतात, अपडेट काउंट पण बरोबर येतो, फक्त बाकीच्या जगाला त्या कमिटशिवाय दिसत नाहीत. त्यामुळे प्रोग्रामच्या आतूनच मोजून लॉगमध्ये लिहिलेल्या आकड्यावर मी आता विश्वास ठेवत नाही, कमिट झाल्यावर वेगळ्या कनेक्शनवरून मोजते.

फाइली सर्व्हरवर होत्याच, परत चालवल्या, बिलाच्या आत सगळं भरून निघालं. पण सरांनी त्या दिवशी एक प्रश्न विचारला तो मला मूळ बगपेक्षा महत्त्वाचा वाटतो. फाइल वाचताना मध्येच एक्सेप्शन आलं तर काय व्हायचं? समजा २०० ओळी गेल्या आणि २०१व्या ओळीत सभासद क्रमांकाच्या जागी कचरा आला, प्रोग्राम उडी मारून फायनलीत गेला, तिथे क्लोज, आणि ओरॅकलने त्या २०० ओळी कमिट केल्या. म्हणजे अर्धी फाइल पक्की झाली. मग दुरुस्त फाइल परत आली की त्याच २०० ओळी पुन्हा. आम्ही जुना डेटा तपासला तर खरंच कित्येक ठिकाणी एकाच सभासदाची एकाच सकाळची दोनदा नोंद, आणि केंद्रवाले ती दर वेळी फोन करून हाताने दुरुस्त करून घेत होते, त्यांना वाटायचं सॉफ्टवेअर असंच असतं. म्हणजे पोस्टग्रेसने आमचं काही बिघडवलं नव्हतं, चूक आधीपासून होती, ओरॅकलवर ती फक्त वेगळ्या रूपात दिसत होती. क्लोजला कसं कळणार की तुमचं काम पूर्ण झालंय का अर्धवट राहिलंय? ते फक्त तुम्हाला माहीत असतं, म्हणून ते तुम्हीच सांगायचं. सगळं नीट झालं की ट्राय ब्लॉकच्या शेवटच्या ओळीत कमिट, कॅचमध्ये रोलबॅक, आणि क्लोज फक्त बंद करण्यासाठी.

जेडीबीसीचं स्वतःचं म्हणणं वाचाल तर त्यात स्पष्ट आहे की क्लोजच्या आधी कमिट किंवा रोलबॅक करा अशी जोरदार शिफारस आहे, नाही केलं तर काय होईल ते ज्याच्या त्याच्या इम्प्लिमेंटेशनवर. म्हणजे कुणीच चुकीचं वागत नाहीये, ओरॅकल पण नाही. पायथनवाल्यांकडे नियम जास्त ठाम आहे, पेप २४९ नावाच्या त्यांच्या डेटाबेस एपीआयमध्ये लिहिलंय की कमिट न करता कनेक्शन क्लोज केलं तर रोलबॅक. म्हणूनच पायथन शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी हा अनुभव येतोच की स्क्रिप्ट चालली, एरर नाही, आणि मायएसक्यूएलच्या टेबलमध्ये काहीच नाही, पण तीच क्वेरी हाताने कमांड लाइनवर टाकली की जाते, कारण कमांड लाइनवर ऑटोकमिट चालू असतं आणि पायथनच्या कनेक्टरमध्ये ते डीफॉल्टला बंद असतं. अजून एक, पायथनमध्ये विथ (ब्लॉक संपला की आवराआवर करणारी रचना) वापरलं की सगळं आपोआप होतं असं समजू नका. एसक्यूलाइटच्या मॉड्यूलमध्ये आणि पोस्टग्रेससाठीच्या सायकोपीजी २ लायब्ररीमध्ये विथ कनेक्शन लिहिलं तर ब्लॉक संपल्यावर कमिट किंवा रोलबॅक होतो पण कनेक्शन उघडंच राहतं, सायकोपीजी ३ मध्ये मात्र ते बंद पण होतं. आपली लायब्ररी काय करते ते तिच्याच पानावर वाचायचं, मित्राला विचारून नाही.

आतापर्यंत बोलले ते नीट क्लोज करण्याबद्दल. प्रोग्राम मेला तर? इथे सगळे मोठे डेटाबेस एकाच बाजूला आहेत, रोलबॅक, ओरॅकलसुद्धा. किल मायनस ९ मारलं, म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीने बंद केला, तरी ऑपरेटिंग सिस्टीम त्या प्रोसेसचं सॉकेट (नेटवर्कची जोडणी) बंद करते, सर्व्हरला पलीकडून लाइन तुटल्याचं कळतं आणि तो आवरून घेतो, या वेळी पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये पण दिसतं की क्लायंट ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून अचानक गेला. खरा त्रास तेव्हा होतो जेव्हा सॉकेट बंद करायला पलीकडे कुणी उरतच नाही. आमच्या एका तालुक्याच्या ऑफिसातला डेस्कटॉप थेट डेटाबेसला जोडलेला होता, एकदा लाइट गेली, कॉम्प्युटर आणि राउटर दोन्ही एकदम बंद, आणि इकडे सर्व्हरला वाटतंय की क्लायंट विचार करतोय. त्याचं ट्रान्झॅक्शन उघडं, त्याने लॉक केलेल्या ओळी लॉक, आणि त्या ओळींना हात लावणारे बाकीचे सगळे स्क्रीन नुसते थांबलेले. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी हे स्टोरेज इंजिन डीफॉल्टला ५० सेकंद थांबून लॉक वेट टाइमआउट देतं, पोस्टग्रेस सांगितलं नाही तर थांबूनच राहतं. लिनक्सचं टीसीपी कीपअलाइव्ह (पलीकडे कुणी आहे का ते विचारणं) डीफॉल्टला दोन तासांनी पहिली चौकशी करतं, तोवर दुधाच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. त्या दिवशी आम्ही पोस्टग्रेसची चालू कनेक्शनं दाखवणाऱ्या पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये आयडल इन ट्रान्झॅक्शन (ट्रान्झॅक्शन उघडं, काम काहीच नाही) अवस्थेत बसलेलं सेशन शोधून हाताने मारलं, आणि नंतर कीपअलाइव्ह कमी केला आणि आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट लावला, हे सेटिंग पोस्टग्रेसच्या ९.६ पासून आहे. नवीन प्रोजेक्टवर गेलात की हे टाइमआउट किती आहेत ते पहिल्या आठवड्यातच विचारून घ्या.

याच्यातलीच एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. ऑटोकमिट चालू आहे, एक मोठा अपडेट चाललाय, दहा मिनिटं झाली, तुम्ही कंटाळून प्रोग्राम मारलात. तुम्हाला वाटतं अपडेट रद्द झाला. पोस्टग्रेसचा सर्व्हर काम करत असताना क्लायंट आहे का गेला हे डीफॉल्टला बघत नाही, तो अपडेट पूर्ण करतो, कमिट करतो, आणि मग उत्तर द्यायला जातो तेव्हा त्याला कळतं की समोर कुणी नाही. आणि तोवर तुम्ही तोच अपडेट दुसऱ्यांदा सुरू केलेला असतो. आवृत्ती १४ पासून मध्येमध्ये क्लायंट तपासायचं सेटिंग आलंय, पण ते स्वतःहून चालू नसतं. म्हणून मारायचंच असेल तर आधी क्वेरी रीतसर कॅन्सल करा.

कनेक्शन पूल (उघडी कनेक्शनं साठवून आलटून पालटून वापरायची सोय) वापरत असाल, आणि जावाच्या स्प्रिंग बूट फ्रेमवर्कवर असाल तर वापरताच, तर क्लोज म्हणजे क्लोज नसतंच. कनेक्शन पूलमध्ये परत जातं आणि पुढच्या माणसाला मिळतं. हिकारी नावाचा पूल कनेक्शन परत घेताना अर्धवट काम दिसलं तर रोलबॅक करतो, पण टॉमकॅटच्या जेडीबीसी पूलमध्ये परत करताना रोलबॅक करायचं सेटिंग डीफॉल्टला बंद असतं, म्हणजे तुमचं अर्धवट ट्रान्झॅक्शन तसंच घेऊन ते कनेक्शन दुसऱ्याच रिक्वेस्टकडे जाऊ शकतं, आणि त्याने कमिट केलं की तुमचंही कमिट. असला बग शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, कारण चूक एकाच्या कोडमध्ये आणि परिणाम दुसऱ्याच्या.

हे सगळं वाचून लक्षात राहणार नाही, करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. दोन टर्मिनल उघडा, दोन्हीत पोस्टग्रेस. पहिल्यात बिगिन, एका ओळीचा अपडेट, आणि तसंच सोडा. दुसऱ्यात तीच ओळ अपडेट करायला जा, थांबून राहील. आता पहिल्यातून बाहेर पडा आणि दुसऱ्याकडे बघा. मग तेच पहिल्या क्लायंटला किल मारून. मग मायएसक्यूएलवर, आणि तिथे बिगिननंतर मध्येच एक क्रिएट टेबल टाकून बघा, तुमचं आधीचं काम न विचारता कमिट झालेलं दिसेल. मी आता इंटरव्ह्यू घेते तेव्हा अ‍ॅसिडचा फुलफॉर्म विचारत नाही, कमिट न करता कनेक्शन बंद झालं तर काय होतं हाच प्रश्न विचारते, आणि ज्याने एकदा तरी करून बघितलंय तो लगेच ओळखू येतो.

एक प्रश्न मात्र कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. तुम्ही कमिट पाठवलं आणि उत्तर यायच्या आधीच लाइन तुटली. झालं की नाही झालं? प्रोग्रामला एवढंच कळतं की कनेक्शन गेलं, दोन्ही शक्य आहे. डोळे मिटून परत पाठवलं तर दुधाची नोंद दोनदा, नाही पाठवलं तर कदाचित एकदाही नाही. आम्ही शेवटी टेबलवर केंद्र, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि सभासद क्रमांक यांची मिळून युनिक की लावली, एकाच सकाळी किंवा संध्याकाळी दोन खेपा घालणाऱ्यांसाठी त्यात खेपेचा नंबर पण घ्यावा लागला, आणि इन्सर्टमध्ये ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे नोंद आधीच असेल तर काही करू नको. तेव्हापासून शंका आली की तीच फाइल परत चालवतो, एकदा चालली काय किंवा तीनदा चालली काय, शेतकऱ्याचं लिटर तेवढंच राहतं, आणि केंद्रावरून दोनदा नोंद झाल्याचा फोन आलेला नाही.