मुलाखतीला जाल तेव्हा स्टाफरूममधली कपाटं बघा

सांगलीत एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून पहिल्या नोकरीला लागले तेव्हा मिळालेल्या लोखंडी कपाटावर माझ्या नावाची पट्टी चिकटवायला घेतली, तर खाली आधीच्या तीन पट्ट्या निघाल्या. चार वर्षांत तीन नावं. तेव्हा मी हसले होते.

प्राचार्य वाईट नव्हते, उलट गोडच. 'आपलं हे कुटुंब आहे' हे दर मीटिंगला. पण जूनमध्ये तासांची वाटणी दोघातिघांत, बंद दाराआड. आमच्या हातात थेट टाइमटेबल. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचं असतं. माझे 16 होतेच, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, दोन क्रायटेरियांच्या फायली. शेजारची मैत्रीण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. मानधन तासाप्रमाणे, तेही थकलेलं. नॅकचं काम मात्र फुकट. विचारायला गेलं की 'बघू या की'. ती दिवाळीनंतर आलीच नाही. तिचे तास आमच्यात वाटले, मग त्या ओझ्यानं आणखी एक जण गेला. पुढच्या वर्षी मी.

साताऱ्याकडचं दुसरं कॉलेज. इथं मस्टर प्राचार्य सरांच्या टेबलावर. दहा मिनिटं उशीर झाला की नावापुढं लाल फुली. पहिला महिना मी मनात शिव्याच घातल्या. पण वाटणी होते ती सगळ्यांसमोर, फळ्यावर खडूनं, आणि सरांचे स्वतःचे तासही त्यात लिहिलेले असतात. माझी कॅसची, म्हणजे बढतीची, फाईल कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयात अडकली, तेव्हा त्यांनी हेडक्लार्कला पाठवून त्रुटी लिहून आणवल्या, मला समोर बसवून एकेक वाचली. रिफ्रेशर कोर्सचं प्रमाणपत्र मीच जोडलं नव्हतं! बोलणी खाल्ली, पण फाईल सुटली. (पीएचडी असेल तर पगाराच्या लेव्हल 10 वरून 11 ला 4 वर्षांत जाता येतं, नसेल तर 6, एमफिलवाल्यांना 5. ही तारीख पहिल्या दिवसापासून वहीत लिहून ठेवा.)

इथं मला 9 वर्षं झाली. मधे पुण्याहून जास्त पगाराचं बोलावणं आलं होतं, गेले नाही.

तेव्हा कडक की मऊ, यावर जाऊ नका. सीएचबीवाल्यांना कँटीनमध्ये गाठा, मानधन कधी मिळतं ते विचारा. आणि प्राचार्यांची टर्म किती उरलीय तेही. नेमणूक 5 वर्षांची असते, फार तर आणखी एकदा मिळते.

आमच्या सरांची दुसरी टर्म येत्या मे महिन्यात संपतेय. स्टाफरूममध्ये सध्या दुसरा विषय नाही.