कुशीवर झोपणाऱ्यांसाठी उशी : खरेदीपूर्वीच्या तयारीची यादी

कुशीवर झोपणाऱ्या आणि मान दुखत असलेल्या माणसाने नवी उशी घेण्याचे ठरवले, की दुकानाची पायरी चढण्यापूर्वी साधारण दोन आठवडे हाताशी ठेवावेत, कारण या खरेदीतील महत्त्वाची मोजमापे घरीच घ्यावी लागतात. दुकानात आपण सगळेच उशी हाताने दाबून पाहतो. त्यातून ती मऊ आहे की टणक, एवढेच कळते. साडेचार-पाच किलो वजनाचे डोके तासन्‌तास तिच्यावर राहिल्यावर ती किती उंच उरते हे हाताला कळत नाही, आणि कुशीवर झोपणाऱ्याचा सगळा प्रश्न त्या उरलेल्या उंचीचाच असतो. वेष्टनावर छापलेली उंची रिकाम्या उशीची असते. आपल्याला हवी असते ती भरल्या डोक्याखालची.

पहिले काम म्हणजे दुखणे खरोखर उशीचे आहे का, हे तपासणे. सात दिवस एका वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात : सकाळी उठताना मान किती धरलेली होती आणि संध्याकाळी किती दुखत होती. सकाळी अवघडलेली मान दुपारपर्यंत मोकळी होत असेल, तर उशी, गादी किंवा झोपण्याची ढब यांवर संशय घेण्यास जागा आहे. उठताना मान ठीक असून दिवस चढेल तसे दुखणे वाढत असेल, तर संगणकासमोरची बैठक, मोबाइल किंवा दुचाकीवरचा रोजचा प्रवास यांकडे आधी पाहावे. पंचवटी एक्स्प्रेसने नाशिक रोडहून रोज मुंबई गाठणाऱ्या आणि आसनावर मान टाकून डुलकी काढणाऱ्या माणसाने त्या दुखण्याचा दोष घरच्या उशीला देणे अन्यायाचे होईल. हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, हातातील वस्तू निसटणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचे नियंत्रण सुटणे, मानेसोबत ताप येणे किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखू लागणे, यांपैकी काहीही असल्यास उशीचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. उशीने मानेला रात्रभर सरळ आधार मिळतो. त्यापलीकडे तिच्याकडून उपचाराची अपेक्षा ठेवू नये.

उंचीचा मुद्दा समजून घेतला तर पुढची कामे सोपी होतात. पाठीवर झोपलेल्या माणसाचे डोके गादीपासून फारसे वर नसते, त्यामुळे त्याचे पातळ उशीवर भागते. कुशीवर वळताच खालचा खांदा मध्ये येतो आणि कान व गादी यांच्यात खांद्याच्या रुंदीएवढी पोकळी तयार होते. ही पोकळी भरली नाही, तर डोके गादीकडे झुकते, मानेचे सात मणके एका बाजूला वाकतात, वरच्या बाजूचे स्नायू ताणलेले आणि खालच्या बाजूचे आखडलेले राहतात. उशी फार उंच असेल तर हेच उलट्या दिशेने घडते. एक पातळ उशी अपुरी वाटते म्हणून तिच्यावर दुसरी ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. मात्र रात्री कूस बदलताना वरची उशी सरकते आणि पहाटे डोके एकीवर, मान अधांतरी अशी स्थिती होते.

आता मोजमाप. भिंतीला एका बाजूने खांदा टेकवून, नजर समोर ठेवून सरळ उभे राहावे आणि घरातील कोणाला तरी कानापासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजायला सांगावे. हे अंतर म्हणजे आपल्याला लागणाऱ्या उंचीची वरची मर्यादा समजावी, कारण झोपल्यावर खांदा थोडा दबतो, थोडा पुढे सरकतो आणि गादीतही रुततो. बहुतेक प्रौढांची गरज १० ते १५ सेंटिमीटरच्या, म्हणजे चार ते सहा इंचांच्या आसपास भरते. रुंद खांद्यांच्या माणसाला अधिक, लहान चणीच्या व्यक्तीला कमी. नवरा-बायकोच्या खांद्यांची रुंदी सहसा सारखी नसते, तरीही दुकानात उश्या जोडीनेच विकल्या जातात आणि जोडी घेतली की स्वस्त पडते. या एका ठिकाणी काटकसर टाळून दोघांची मापे वेगवेगळी लिहून ठेवावीत.

मापाच्या शेजारी गादीचीही नोंद करावी. दिवाणावर अंथरलेली, बरीच वर्षे वापरून दबलेली कापसाची गादी जवळजवळ फळीसारखी टणक असते. तिच्यात खांदा रुतत नाही, म्हणून उशी उंच लागते. जाड फोमच्या किंवा स्प्रिंगच्या मऊ गादीत खांदा दोन-तीन सेंटिमीटर सहज खाली जातो आणि तीच उशी तिथे जास्त उंच ठरते. नवी गादी घेण्याचा विचार चालू असेल तर आधी गादी घ्यावी, आठ-दहा दिवस तिच्यावर झोपावे आणि मगच उशीकडे वळावे.

यानंतरचे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. घरातील सोलापुरी चादर उशीच्या आकाराची घडी घालून उशाशी ठेवावी आणि तिच्यावर कुशीवर पडावे. एक चादर कमी पडली तर दुसरी घ्यावी, मग टॉवेलच्या घड्यांनी उंची थोडीथोडी वाढवत जावी. सुताच्या जाड घड्या डोक्याच्या वजनाने फारशा दबत नाहीत, त्यामुळे ठेवलेली उंची जवळपास तशीच राहते आणि मोजता येते. प्रत्येक वेळी घरच्या माणसाने पाठीमागून मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. डोक्याचा मध्य, मानेचा मणका आणि दोन्ही खांद्यांच्या मधली पाठ एका आडव्या सरळ रेषेत दिसली पाहिजे. समोरून पाहिले तर नाक आणि छातीचे हाड एका रेषेत हवे. पडल्याबरोबर फोटो काढण्याची घाई करू नये. दहा-पंधरा मिनिटे गेल्यावर स्नायू सैल पडतात आणि खरी उंची तेव्हा कळते. ज्या उंचीवर रेषा सरळ दिसेल, त्या घडीवर चार-पाच रात्री काढाव्यात. हा बिछाना काही सुखाचा नाही, घडी कडक लागते आणि कान दुखतो, पण सकाळी मान हलकी वाटू लागली की घडीची उंची टेपने मोजून वहीत लिहावी. दुकानात नेण्याचा आकडा तो.

हा आकडा हातात नसताना मी स्वतः एकदा दोन फुगवट्यांची, ‘सर्व्हायकल’ असे नाव छापलेली उशी घेतली होती. तिची उंच बाजू माझ्या खांद्याला बरीच जास्त होती आणि ठेंगणी बाजू बरीच कमी. तीन आठवडे मी सवय होण्याची वाट पाहत राहिलो आणि मग ती उशी पाठीमागे टेकायला ठेवली. अशा आकाराच्या उश्या वाईट असतात असे नाही. मानेखालच्या खोलगट जागेला त्या चांगला आधार देतात. मात्र त्यांची उंची ठरलेली असते, काढता-घालता येत नाही, त्यामुळे कुशीवर झोपताना वापरायच्या उंच बाजूचे माप आपल्या आकड्याशी जुळत असेल तरच त्या घ्याव्यात.

भरण कशाचे घ्यावे, हा प्रश्न नाशिकमध्ये थोडा वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो, कारण इथे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात, एप्रिल-मेमध्ये तोच चाळिशीकडे जातो आणि मधले चार महिने हवेत ओल असते. मेमरी फोमचा मूळ शोध १९६० च्या दशकात नासाच्या कामातून, विमानातील आसनांसाठी लागला. उष्णतेने मऊ होणे आणि थंडीत ताठरणे हा त्याचा स्वभावच आहे. अंगाच्या उबेने तो डोक्याच्या आकाराचा होतो खरा, पण खिडकी उघडी ठेवून झोपणाऱ्या नाशिककराला पौषातल्या रात्री पहिली काही मिनिटे तो दगडासारखा लागतो, आणि वैशाखात तोच फोम अधिक दबतो व डोक्याखाली गरम होतो. म्हणून मेमरी फोमची उशी हिवाळ्याच्या सकाळी दुकानात टणक वाटली, तर तेवढ्यावरून तिला नाकारू नये आणि उन्हाळ्याच्या दुपारी मऊ वाटली म्हणून भुलूही नये. नवीन फोमला वास येतो. तो जाण्यासाठी एक-दोन दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवावा.

लॅटेक्स रबराच्या चिकापासून बनते. ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही, दाबले की लगेच वर येते आणि उंची बरीच वर्षे धरून ठेवते. कुशीवर झोपणाऱ्याला ते मानवते, पण उशी जड असते, महाग असते आणि रबराची ॲलर्जी असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पॉलिएस्टर फायबरची उशी सर्वांत स्वस्त. पहिल्या महिन्यात फुगीर, वर्षभरात पोळीसारखी. ती घ्यायचीच असेल तर तिचे वजन विचारावे, कारण एकाच आकाराच्या दोन उश्यांत भरण कमी-जास्त असते आणि कमी भरणाची उशी आधी बसते.

कापसाच्या उशीला जुनाट समजून बाजूला सारण्याची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. जुन्या नाशकातल्या गादीवाल्याकडे आपल्यासमोर कापूस पिंजून, आपण सांगू तेवढा भरून घेता येतो, आणि मापाप्रमाणे उशी मिळण्याची ही सर्वांत साधी सोय आहे. भरताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. कापूस काही आठवड्यांत बसतो, म्हणून ठरलेल्या उंचीपेक्षा बोटभर जास्त भरून घ्यावा. आणि खोळीचे तोंड शिवून न टाकता तिथे चेन लावून घ्यावी, म्हणजे जास्त झालेला कापूस घरी मूठमूठ काढता येईल आणि पुढे कमी पडला तर परत घालता येईल. सावरीचा कापूस अधिक हलका आणि मऊ असतो, पण तो लवकर दबतो व त्याची भुकटी होते, म्हणून कुशीवर झोपणाऱ्याने केवळ सावरीची उशी घेऊ नये. धुळीने शिंका येणाऱ्यांनी कापूस घेतल्यास वरून घट्ट विणीची आतली खोळ घालावी. पावसाळ्यात कापूस ओल धरतो आणि त्याच्या गुठळ्या होतात. ऊन पडेल त्या दिवशी उशी गच्चीवर टाकून काठीने झोडली पाहिजे. फोम आणि लॅटेक्स यांना मात्र कडक ऊन सोसत नाही. ऊन लागले की ते पिवळे पडून ठिसूळ होतात, म्हणून त्यांना सावलीतला वारा द्यावा.

आकाराबाबत फार काळजीचे कारण नाही. रात्री सतत कूस बदलणाऱ्याने १६ × २४ इंचांऐवजी १७ × २७ किंवा त्याहून लांब उशी घ्यावी. अभ्रा उशीपेक्षा थोडा सैल असावा, कारण तंग अभ्र्यात कोंबलेली उशी गोल फुगते आणि मानेपेक्षा डोक्याखाली जास्त उंच होते.

दुकानात जाताना टेप, मापांची वही, घरचा स्वच्छ अभ्रा आणि पाठीमागून फोटो काढणारे माणूस सोबत असावे. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडच्या मोठ्या दालनांत गाद्या मांडलेल्या असतात. त्यांतील आपल्या घरच्या गादीसारखी टणक किंवा मऊ गादी निवडावी आणि तिच्यावर पडूनच उशी पाहावी. विक्रेता भोवती उभा असताना दहा मिनिटे डोळे मिटून पडून राहायला संकोच वाटतो, तो बाजूला ठेवावा. उशी फक्त डोके आणि मान यांखाली यावी. खांदा गादीवरच राहिला पाहिजे. वापरलेली उशी परत घेतात का, किती दिवसांत आणि वेष्टन उघडल्यानंतरही का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून बिलावर लिहून घ्यावे, कारण उशी अंगाशी लागणारी वस्तू म्हणून पुष्कळ ठिकाणी परत घेत नाहीत. ऑनलाइन मागवतानाही हीच अट आधी वाचावी.

उशी घरी आल्यावर तिच्यावर पाच किलो तांदळाची पिशवी अर्धा तास ठेवून, पिशवीखाली उरलेली उंची पट्टीने मोजावी आणि चादरीच्या घडीच्या आकड्याशी ताडून पाहावी. सेंटिमीटरभराचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक असेल तर पहिल्याच दिवशी परत करण्याचा विचार करावा. पहिले आठ-दहा दिवस नव्या आधाराने मान थोडी वेगळी, क्वचित अवघडल्यासारखी वाटू शकते. दुखणे वाढत गेले किंवा दोन आठवड्यांनंतरही कायम राहिले तर उशी बदलावी, आणि तरीही फरक पडला नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाचा किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. खालचा हात उशीखाली घालून झोपण्याची सवय असेल, तर हाताच्या जाडीने उंची वाढते आणि हातालाही मुंग्या येतात. तो हात पुढे मोकळा ठेवावा. गुडघ्यांच्या मध्ये जुनी पातळ उशी घेतल्यास कंबर पिळवटत नाही आणि वरचा खांदाही पुढे ओढला जात नाही, म्हणून जुनी उशी लगेच टाकून देऊ नये.

खरेदीची तारीख खोळीच्या आतल्या बाजूला पेनने लिहावी आणि दर तीन महिन्यांनी तांदळाच्या पिशवीने पुन्हा उंची मोजावी. फायबरची उशी मधोमध दुमडून सोडल्यावर तशीच पडून राहू लागली, की तिचे दिवस संपले. कापसाची असेल तर ती पिंजायला द्यायची वेळ झाली.