अमेरिकेची कर्जमर्यादा अडल्याची बातमी आली की ती कशी वाचायची

दर दोनेक वर्षांनी टीव्हीवर पट्टी धावू लागते की अमेरिकेची तिजोरी रिकामी होणार, जगावर संकट येणार. आमच्या वर्धा जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात ती पट्टी मोबाईलवरून गावोगाव फिरते. कोणी सोनं घ्यायला निघतो, कोणी घरातला कापूस विकायला. मी सेवा सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. कर्जमर्यादा पत्रकं करण्यात आणि थकबाकीच्या याद्या लिहिण्यात नोकरी गेली. त्यामुळे हा विषय परका असला तरी त्यातला हिशेब ओळखीचा वाटला आणि मी तो नीट समजून घेतला. तो कसा वाचायचा हे इथे सांगतो, कारण अर्धवट बातमीवर घेतलेल्या निर्णयाची किंमत गरीब माणूसच मोजतो.

आधी आकडा आपल्या हिशेबात आणा. बातमीत ट्रिलियन येतं. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी, एवढंच लक्षात ठेवायचं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेची कर्जमर्यादा ३६.१ ट्रिलियन होती, म्हणजे ३६.१ लाख कोटी डॉलर. त्याचे रुपये करत बसू नका. त्यातून नुसता धसका बसतो, समज वाढत नाही. मर्यादा किती आणि कर्ज तिच्यापासून किती दूर, हे दोन आकडे शेजारी मांडले की पुरे.

मग मर्यादा कशावर आहे ते समजून घ्या. सगळा घोटाळा इथेच होतो. सोसायटीच्या आमसभेच्या विषयपत्रिकेवर दरवर्षी एक विषय असतो : संस्थेने बाहेरून जास्तीत जास्त किती कर्ज उचलायचं. बहुतेक वेळा ‘मंजूर, मंजूर’ म्हणत तो पुढे सरकतो. समजा, सभासदांची पीककर्जं मंजूर झाली, त्या भरवशावर कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर आलं, पेरणी झाली, आणि मग काही संचालक म्हणाले की बाहेरच्या कर्जाची मर्यादा वाढवू देणार नाही, आधी आमच्या मागण्या मान्य करा. खर्च तर होऊन गेला आहे. आता अडेल ते फक्त देणं. अमेरिकेत नेमकं हेच होतं. खर्च कशावर करायचा आणि कर किती घ्यायचा, हे तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, आधीच कायद्याने ठरवलेलं असतं. दोन्हींतली तूट कर्जाने भरायची असते आणि ते कर्ज उचलायची परवानगी वेगळी घ्यावी लागते. म्हणून ‘मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला नव्या उधळपट्टीची मुभा मिळाली’ असं कोणी सांगितलं तर ते मानू नका. मर्यादा वाढते ती झालेल्या खर्चाचे पैसे चुकते करायला.

ही पद्धत पहिल्या महायुद्धात आली. १९१७ मध्ये युद्धासाठी रोखे, म्हणजे सरकारच्या कर्जाच्या चिठ्ठ्या, काढताना काँग्रेसने प्रत्येक प्रकारच्या रोख्यांवर मर्यादा घातल्या. १९३९ मध्ये जवळपास सगळ्या सरकारी कर्जाला मिळून एकच मर्यादा झाली, ४५ अब्ज डॉलरची. १९६० पासून ती सत्तरहून अधिक वेळा वाढवली, लांबवली किंवा बदलली गेली, आणि रिपब्लिकन व डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांचे राष्ट्राध्यक्ष असताना. डेन्मार्कमध्येही अशी मर्यादा आहे, पण ती प्रत्यक्ष कर्जाच्या इतकी वर ठेवली आहे की तिच्यावरून भांडण होत नाही. म्हणजे नुसत्या मर्यादेने पेच पडत नाही. पेच पडतो तो तिला सौद्याचं हत्यार केल्यामुळे.

आता बातमी कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधा. ‘अमेरिकेने कर्जमर्यादा गाठली’ हा पहिला टप्पा, आणि त्या दिवशी काहीही बंद पडत नाही. २०२३ मध्ये मर्यादा १९ जानेवारीला गाठली गेली. तिथल्या अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी त्याच दिवशी काँग्रेसला कळवलं की आता विशेष उपाय सुरू केले आहेत. हे उपाय म्हणजे हिशेबातली जागा मोकळी करणं. सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीत जे सरकारी रोखे घालायचे असतात ते काही काळ घालत नाहीत. तेवढं कर्ज हिशेबात कमी दिसतं आणि बाहेरून तेवढं उचलता येतं. मर्यादा वाढली की निधीतली रक्कम व्याजासकट भरून देतात. निवृत्त माणसाची पेन्शन त्यात बुडत नाही.

त्या उपायांनाही शेवट असतो. ज्या दिवशी उपायही संपतात आणि गल्ल्यात देणी भागवण्याइतके पैसे राहत नाहीत, तिथल्या बातम्या त्याला एक्स-डेट म्हणतात. बातमीत हीच तारीख शोधायची, आणि ती कोणी दिली तेही पाहायचं. अर्थखातं देतं, काँग्रेसचं अंदाजपत्रक कार्यालय देतं, काही अभ्यासगटही देतात. तारीख हलते, कारण ती करभरणीवर अवलंबून असते. एप्रिलच्या मध्याला वार्षिक आयकर येतो, जूनच्या मध्याला तिमाहीचा हप्ता येतो. २०२३ मध्ये येलेन यांनी आधी १ जून सांगितली, मग ५ जून केली. म्हणून एका तारखेवर घरातला निर्णय टांगू नका. तारीख दोन-तीन महिने लांब असेल तर वर्तमानपत्र घडी करून ठेवा आणि आपल्या कामाला लागा.

त्यानंतर बळाबळ पाहा. तिथल्या काँग्रेसची दोन सभागृहं आहेत, हाऊस आणि सिनेट. हाऊस कोणाकडे, सिनेट कोणाकडे, राष्ट्राध्यक्ष कोणत्या पक्षाचा, हे तीन प्रश्न. सिनेटमध्ये साधारण कायदा पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, तेही लक्षात असू द्या. तिन्ही जागा एका पक्षाकडे असतील तर बहुधा मोठा पेच होत नाही. २०२५ मध्ये तिन्ही रिपब्लिकनांकडे होत्या. साध्या बहुमताने मंजूर होणाऱ्या खास प्रक्रियेतून त्यांनी करांच्या मोठ्या कायद्यातच मर्यादा ५ ट्रिलियनने वाढवली, आणि ४ जुलैला ट्रम्प यांनी सही केली. फारसा आरडाओरडा झाला नाही. उलट २०११ मध्ये ओबामा डेमोक्रॅट आणि हाऊस रिपब्लिकनांचं. २०२३ मध्ये बायडेन डेमोक्रॅट आणि हाऊस रिपब्लिकनांचं, तेही निसटत्या बहुमताने.

२०२३ चा किस्सा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात माणसाची खुर्ची आणि देशाचं देणं कसं एकमेकांत गुंततं ते दिसतं. जानेवारीत केविन मॅकार्थी यांना हाऊसचं सभापतिपद मिळायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. अडून बसलेल्या स्वपक्षीयांना त्यांनी मान्य केलं की एका सदस्यानेही मागणी केली तर सभापतीला हटवण्याचा ठराव आणता येईल. असा माणूस बायडेन यांच्याशी वाटाघाटीला बसला. समझोत्याचं विधेयक हाऊसमध्ये ३१४ विरुद्ध ११७ मतांनी पास झालं, पण बाजूच्या मतांत डेमोक्रॅट जास्त होते, १६५, आणि मॅकार्थींच्या स्वतःच्या पक्षाचे १४९. सिनेटमध्ये ६३-३६. ३ जूनला सही झाली, तारीख उलटायला दोन दिवस राहिले होते. ३ ऑक्टोबरला मॅकार्थींना त्याच नियमाने खुर्चीवरून खाली खेचलं. त्यामुळे ‘चर्चा फिसकटली’ अशी बातमी आली की समोरच्या पक्षासोबत नेत्याच्या पाठीमागे बसलेल्या माणसांकडेही बघायचं.

बदल्यात काय मागितलं जातंय, हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो बातमीत शेवटच्या परिच्छेदात असतो, म्हणून शेवटपर्यंत वाचा. २०११ मध्ये दहा वर्षांच्या सरकारी खर्चावर मर्यादा आल्या. २०२३ मध्ये दोन वर्षांच्या खर्चावर आल्या, कर खात्याला मिळालेल्या पैशांतून कपात झाली, आणि सरकारी अन्नमदत घेणाऱ्या, मुलंबाळं अंगावर नसलेल्या धडधाकट माणसांना कामाची जी अट होती तिची वयोमर्यादा ४९ वरून ५४ पर्यंत वाढवायचं ठरलं. कर्ज केलं कोणी, देणं अडवलं कोणी, आणि पन्नाशीतल्या माणसाच्या अन्नावर अट आली. खर्च कमी करायचा असेल तर खर्च मंजूर करताना भांडावं, उघड मतदान घ्यावं. काम करून घेतल्यावर मजुरीच्या वेळी भांडण काढणं मला कधीच पटलं नाही, मग ते आमच्या तालुक्यात असो की वॉशिंग्टनला.

एक भेद मात्र पक्का करा. तिथलं सरकार ‘बंद पडलं’ अशी बातमी वेगळी असते. तेव्हा खर्चाची मंजुरीच मिळालेली नसते, म्हणून कार्यालयं बंद होतात आणि कर्मचारी घरी बसतात. पण सरकार कर्जावरचं व्याज देत राहतं. कर्जमर्यादेच्या पेचात मंजुरी असते आणि पैसे देण्याची वाट बंद होते, म्हणून तो जास्त धोक्याचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये दोन्ही एकत्र आले होते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकार ४३ दिवस बंद होतं, पण कर्जमर्यादेचा त्यात संबंध नव्हता.

आता घराकडे या. मे २०२३ मध्ये आमच्याकडे पुष्कळांच्या घरात कापूस पडून होता. आधीच्या हंगामात क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव पाहिलेला, त्यामुळे खाली आलेल्या भावात द्यायला मन धजत नव्हतं. गावातला एक तरुण शेतकरी सोसायटीच्या ओट्यावर आला. “काका, अमेरिकेचं दिवाळं निघून राह्यलं म्हन्ते. घरचा कापूस इकून टाकू का?” मी म्हणालो, “बाबू, तुले पैशाची गरज हाये का? बियाण्याले, पोराच्या फीले? असंन तर इक. पन त्या पट्टीपायी इकू नको.” मग आम्ही मिळून चार गोष्टी पाहिल्या : हिंगणघाटच्या बाजारातला त्या दिवसाचा भाव, सरकीचा भाव, गठाणीला असलेली मागणी आणि डॉलरचा दर. बाजारातला भाव बाकीच्या तिघांवर हलतो. तुम्हीही त्याच क्रमाने पाहा.

२०११ चं उदाहरण घ्या, कारण व्यापारी कधी कधी तेच सांगून भाव पाडतो. न्यूयॉर्कचा कापूस वायदा त्या वर्षी मार्चमध्ये पौंडाला २ डॉलरच्या वर गेला होता, आणि ऑगस्टपर्यंत जवळपास निम्म्यावर आला. कर्जमर्यादेचा तंटा पेटला तो जुलैच्या अखेरीस. भाव त्याच्या आधीच घसरले होते, कारण महाग कापूस गिरण्यांनी घेणं कमी केलं आणि जगभर पेरा वाढला. दोन घटना एकाच उन्हाळ्यात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही.

मात्र काहीच होत नाही असंही समजू नका. २ ऑगस्ट २०११ ला समझोत्यावर सही होऊनसुद्धा ५ ऑगस्टला स्टँडर्ड अँड पुअर्स या पत ठरवणाऱ्या कंपनीने अमेरिकेची पत इतिहासात पहिल्यांदा सर्वोच्च श्रेणीवरून एक पायरी खाली आणली. सोमवारी, ८ तारखेला, तिथला शेअर बाजार सहा टक्क्यांहून जास्त पडला आणि सोनं औंसाला १,७०० डॉलरच्या वर गेलं. गंमत वाटावी अशी गोष्ट पुढे आहे : घाबरलेले लोक त्याच अमेरिकेचे सरकारी रोखे घ्यायला धावले, कारण त्याहून सुरक्षित जागा त्यांना दिसेना. फिच या तशाच कंपनीने १ ऑगस्ट २०२३ ला आणि मूडीजने १६ मे २०२५ ला पत खाली आणली. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या गंगाजळीतही असे अमेरिकी रोखे आहेत, म्हणून तिथलं देणं अडणं हा आपल्याही काळजीचा विषय आहे. पण आजवर समझोता प्रत्येक वेळी तारखेच्या आत झाला आहे. मुलीच्या लग्नासाठी सोनं घ्यायचंच असेल तर पेचाच्या ऐन आठवड्यात घेऊ नका, एवढं मी सांगेन.

आपल्या देशात असं होईल का, असं लोक विचारतात. संविधानाच्या कलम २९२ प्रमाणे केंद्राच्या कर्जावर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते. पण आपल्याकडे अर्थसंकल्पावर लोकसभेत सरकार हरलं तर सरकारच जातं, त्यामुळे खर्च मंजूर आणि कर्ज नामंजूर अशी दुफळी पडायला जागा राहत नाही. आपल्याकडचा तंटा केंद्र आणि राज्यांत आहे. कलम २९३ प्रमाणे केंद्राचं कर्ज डोक्यावर असलेल्या राज्याला नवं कर्ज उचलायला केंद्राची संमती लागते. केरळ याच मुद्द्यावर २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ एप्रिल २०२४ ला न्यायालयाने प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवला. महाराष्ट्रालाही हेच कलम लागू आहे, म्हणून या खटल्याची बातमी आली तर ती जपून वाचा.

शेवटी, पेच सुटला की बातमी टाकून देऊ नका. मर्यादा ‘वाढवली’ की ‘स्थगित केली’ ते पाहा. वाढवली असेल तर नवा आकडा लिहून ठेवा, स्थगित केली असेल तर तारीख. २०२३ मध्ये ती १ जानेवारी २०२५ पर्यंत स्थगित केली होती, म्हणून पुढचा तंटा केव्हा उठणार हे दीड वर्ष आधीच कळत होतं. सध्याचा आकडा ४१.१ लाख कोटी डॉलर आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्ज ३८ लाख कोटींच्या पुढे गेलं होतं. दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहा आणि दिवाळीला, होळीला एकदा कर्जाचा नवा आकडा खाली जोडा. अंतर एका लाख कोटीच्या आत आलं की तिथल्या हाऊसमध्ये कोणाचं बहुमत आहे ते तपासायला घ्या.